घोड्याच्या तोंडावरचा पांढरा कसा ओळखायचा

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा बघताना आधी कपाळ बघा. डोळ्यांच्या मध्ये किंवा जरा वर नुसता ठिपका असेल तर तो टिळा, इंग्रजीतला स्टार. नाकाच्या हाडावरून अरुंद रेघ उतरली तर स्ट्राइप, हाडाच्या रुंदीएवढा पट्टा असेल तर ब्लेझ. पांढरा डोळ्यांपर्यंत पसरला की बॉल्ड फेस. अशा घोड्याचा एखादा डोळा कधीकधी निळाही असतो. नाकपुड्यांमधल्या छोट्या डागाला स्निप म्हणतात. एकाच तोंडावर टिळा आणि स्निप दोन्ही असू शकतात, तेव्हा दोन्ही लिहा.

तोंडावर पांढरा आणि चारही पाय पांढरे, तो पंचकल्याणी. त्याची किंमत चढते, म्हणून खात्री करून घ्या. पांढऱ्या भागावर पाणी लावून केस बाजूला सारा. जन्मजात खुणेखाली कातडी बहुधा गुलाबी दिसते. काळी दिसली तर रंगवलेला टिळा किंवा मोरखीने, म्हणजे तोंडाला बांधायच्या दोरीने, घासून आलेले पांढरे केस असू शकतात. अगदी बारीक टिळ्याखाली मात्र जन्मतःही काळी असते. वयानुसार पांढरा होत जाणाऱ्या घोड्याचा टिळा अंगाच्या रंगात हरवतो, पण ओल्या केसांखालची गुलाबी कातडी तो दाखवून देते.

कपाळावरचे भोवरेही टिपून घ्या. शुभ-अशुभाचं ज्याचं त्यानं बघावं, पण एकरंगी घोडा ओळखायला तेच उपयोगी पडतात. समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. गुलाबी नाक उन्हात भाजतं, त्याला सावली लागते.