खुब्यातली प्लेट काढायला गेलो तेव्हा

मुंबईत बालअस्थिरोग शिकायला येणाऱ्यांसाठी लिहितोय. ऑस्टिओटॉमी, म्हणजे हाड कापून त्याची दिशा सुधारणं, कुठे आणि किती अंशांची, हे तुम्हाला येतंच. प्लेट काढायची कशी, ते मात्र कोणी शिकवत नाही.

आठ वर्षांची मुलगी, पालघरहून पहाटेच्या गाडीने आलेली. खुब्याला टायटॅनियमची लॉकिंग प्लेट होती, दीड वर्षापूर्वी दुसरीकडे बसवलेली. 'काढणं काय, ज्युनिअर करेल' म्हणून केस माझ्याकडे आली. जुन्या ऑपरेशनची नोट मी मागवलीच नाही. प्लेटवर हाड चढलं होतं, ते ऑस्टिओटोमने, म्हणजे हाडाच्या छिन्नीने, उचललं. दोन स्क्रू सुटले. तिसऱ्याच्या डोक्यातली षट्कोनी खाच, हेक्स, झिजून गोल झाली. ड्रायव्हर आत फिरत राहिला, स्क्रू ढिम्म. असा स्क्रू काढायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये नव्हता. तो येईपर्यंत पोर भुलीखाली. बाहेर आई म्हणाली, "डॉक्टर, एक तास म्हणाला होतात ना?"

हे नीट समजून घ्या. लॉकिंग स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, ते प्लेटच्या आट्यांत बसतात. स्क्रू जरा तिरका गेला किंवा पॉवर ड्रिलने शेवटपर्यंत आवळला, की धातू धातूला धरतो. टायटॅनियममध्ये हे जास्त होतं, शिवाय त्याला हाडही घट्ट चिकटतं. म्हणून आट्यांची गाइड नळी प्लेटला लावूनच ड्रिल करा, म्हणजे स्क्रू सरळ जाईल. शेवटचे फेरे हातानेच द्या, ठरलेल्या जोरापुढे आवळू न देणारा टॉर्क लिमिटर लावून. ३.५ मिमीच्या स्क्रूला साधारण १.५ न्यूटन-मीटर पुरतात. 'टक' झालं की थांबा. सर घाईत असले तरी लिमिटर मागून घ्या.

माझं मत विचाराल तर एमआरआयची गरज किंवा निकेलची ॲलर्जी नसेल, तर मुलांना स्टील. हाड चांगलं असेल तर ब्लेड प्लेट (जिचं पात्यासारखं टोक हाडात ठोकतात) आणि साधे, लॉक न होणारे स्क्रू मला आजही आवडतात. सेरेब्रल पाल्सीतल्या ठिसूळ हाडात लॉकिंगच हवं, तिथे हट्ट नको. कंपनीचा माणूस जो सेट आणेल तोच बसवायचा, ही सवय मात्र आधी सोडा.

अडकलात तर घाबरू नका. कार्बाइडच्या कठीण बिटने स्क्रूचं डोकं कापून प्लेट निघते. खोल राहिलेला स्क्रूचा दांडा हाड पोखरून काढण्यापेक्षा बहुतेकदा तिथेच ठेवलेला बरा. पालकांना मात्र आधी सांगून ठेवा. काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही आठवडे धावणं, उड्या बंद.

इम्प्लांटचा एक स्टिकर मी आता डिस्चार्ज कार्डावरही लावतो. खाली पेनाने धातू आणि ड्रायव्हरचा प्रकार लिहितो, आणि आईला सांगतो, हे रेशनकार्डाबरोबर ठेवा.