प्रभागातील वेगवेगळ्या पक्षांच्या नगरसेवकांना एकत्र कसे आणावे

पुणे महापालिकेच्या 2017 च्या निवडणुकीत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते. अशा रचनेत एकाच प्रभागातून दोन-तीन पक्षांचे नगरसेवक निवडून येऊ शकतात. त्यांना एकत्र आणताना सुरुवात पाण्यापासून करावी. ज्या गल्लीत नळाला जेमतेम करंगळीएवढी धार येते, तेथे चौघांनाही पाणी येण्याच्या वेळीच बोलवावे. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारी माणसे रिकाम्या हंड्यांसमोर कामाचे बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे. तेथेच निवेदन लिहून चौघांच्या सह्या घ्याव्यात. नावे मात्र अकारविल्हे लावावीत आणि पुढे फलकावरही तोच क्रम ठेवावा, कारण बहुतेक वेळा श्रेयावरूनच बिनसते. अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी हे निवेदन 16 सदस्यांच्या स्थायी समितीकडे पोहोचवावे.