विकत घेतलेली बातमी कशी ओळखायची

सोलापुरातल्या एका दैनिकात मी 19 वर्षं मुद्रितशोधक होते. निवडणुकीच्या दिवसांत काही मजकूर वार्ताहराकडून यायचाच नाही, उमेदवाराकडून पैसे घेऊन जाहिरात विभागातून थेट पानावर यायचा. त्यात 'आशिर्वाद' असं चुकलेलं दिसलं आणि मी लाल पेन उचललं, की वरून सांगणं यायचं, "ताई, त्याला हात लावू नका. आलंय तसंच जाऊ द्या." सकाळी तोच मजकूर बातम्यांच्या रांगेत, बातमीसारखाच मथळा घेऊन लोकांच्या घरात पोचायचा. अंक विकत घेणाऱ्या वाचकांना हे कळायला हवं होतं, ही बोच अजून गेलेली नाही. म्हणून जे हाताखालून गेलं त्यावरून सांगते.

पहिली खूण शुद्धलेखनाची. प्रत्येक वर्तमानपत्राची लिहिण्याची एक ठरलेली पद्धत असते. आमच्याकडे बातमीत 'मनपा' लिहायचे, 'महानगरपालिका' नाही. नेत्याच्या नावामागे 'मा.' लागत नसे, पुढे 'साहेब' तर कधीच नाही. रोज तोच अंक वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ही पद्धत नकळत बसलेली असते. एखाद्या मजकुरात अचानक 'मा. ना.' आणि 'साहेबांच्या' दिसलं, तर तो डेस्कवर, म्हणजे संपादकीय विभागात, लिहिलेला नाही, बाहेरून तयार होऊन आलाय, असं समजा. अक्षराचा टाइप किंवा दोन ओळींतलं अंतर शेजारच्या बातमीपेक्षा वेगळं असलं तर शंकाच नको. शेवटी कंसात 'वा. प्र.' आहे का तेही बघा. आमच्याकडे त्याचा अर्थ वाणिज्य प्रतिनिधी, म्हणजे मजकूर जाहिरात विभागाचा. वाचकांपैकी किती जणांना तो ठाऊक होता?

दुसरी खूण मजकुरातच असते. प्रचारफेरीची खरी बातमी लिहिणारा वार्ताहर उन्हातून चाललेला असतो. फेरी कुठल्या चौकातून निघाली, कुठे अडली, पाण्याच्या प्रश्नावर कुठल्या बाईनं उमेदवाराला थांबवलं, हे त्याच्या लिहिण्यात येतंच. विकत घेतलेल्या मजकुरात नुसता 'जनसागर उसळतो', प्रतिसाद 'उत्स्फूर्त' असतो, उमेदवार 'तडफदार' आणि विजय 'निश्चित'. पेन्सिल घ्या आणि उमेदवाराला वाचून आवडणार नाही असं एक तरी वाक्य शोधा. अख्ख्या तीन कॉलमांत एकही सापडलं नाही, तर तो मजकूर बाजूला काढा.

तिसरी रीत सगळ्यात पक्की. त्याच आठवड्यातली दोन-तीन दैनिकं शेजारी ठेवा. घरी एकच येत असेल तर वाचनालय गाठा. मी स्वतः हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून हे करते. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अंकांत तोच परिच्छेद, तीच विशेषणं सापडली तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही. महाराष्ट्रात 2009च्या विधानसभा निवडणुकीत हेच झालं होतं. एकाच नेत्याचं कौतुक करणारा मजकूर स्पर्धक मराठी दैनिकांत शब्द न शब्द सारखा छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'तून दाखवून दिलं, आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघर पोचला.

हे इतकं मनावर का घ्यायचं? कारण उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. आपल्याकडे विधानसभेला ती 40 लाख रुपये, लोकसभेला 95 लाख. जाहिरात दिली की हिशेबात दाखवावी लागते, बातमी 'आली' तर नाही. म्हणजे वाचकाची फसवणूक होते आणि ज्याच्याकडे पैसा नाही त्या उमेदवाराचीही. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना याच कारणावरून, हिशेबात हा खर्च दाखवला नाही म्हणून, निवडणूक आयोगानं 2011 साली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं.

हाती पडलेल्या पत्रकाचं काम सोपं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नेत्याच्या फोटोकडे नंतर बघा, आधी खालची बारीक ओळ वाचा.

सरकारी जाहिरातीच्या कोपऱ्यातही अशीच बारीक ओळ असते. राज्याच्या जाहिरातीवर 'डीजीआयपीआर' (माहिती व जनसंपर्क महासंचालनालय) आणि क्रमांक, केंद्राच्या जाहिरातीवर 'सीबीसी' (केंद्रीय संचार ब्युरो) आणि क्रमांक. ही अक्षरं दिसली की पानभर हसणाऱ्या चेहऱ्याचे पैसे पक्षानं नव्हे, तुम्ही-आम्ही भरलेत. अशा जाहिरातीत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचे फोटो असावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांनाही मुभा मिळाली. मला पहिला निर्णय जास्त योग्य वाटतो.

फेसबुकवर 'अमुक जिल्ह्याचा आवाज' अशा नावाची पानं असतात. फेसबुकची कंपनी मेटा हिच्या ॲड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या जाहीर नोंदीत, ते नाव टाका. राजकीय जाहिरात असेल तर पैसे कोणी दिले आणि साधारण किती, हे तिथे दिसतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्राला असं काहीच नसतं, त्यामुळे नाव-गाव नसलेलं चित्र मी पुढे पाठवत नाही, मग ते माझ्या मनासारखं का असेना.

आता तक्रार. निवडणूक चालू असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे, म्हणजे एमसीएमसीकडे, त्याच दिवशी लेखी द्या. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं उमेदवाराला नोटीस काढायला मजकूर छापल्यापासून 96 तासांची मुदत असते आणि उमेदवाराला उत्तराला 48 तास, म्हणून 'उद्या जाऊ' म्हणू नका. मजकूर विकतचा ठरला तर तेवढ्या जागेचा जाहिरातीचा दर धरून रक्कम त्याच्या खर्चात घातली जाते. निवडणूक नसेल तर आधी संपादकाला पत्र लिहा. दाद लागली नाही तर वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी प्रेस कौन्सिल आहे, पण दैनिकाबद्दलची तक्रार छापून आल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते. कौन्सिल दंड करत नाही, समज देते किंवा ठपका ठेवते. तरीही लिहा. संपादकांच्या टेबलावर वाचकाचं पत्र पडलं की त्या रात्री डेस्कवर त्याची चर्चा होते, हे मी पाहिलंय.

तक्रारीसाठी कात्रण कापताना एवढं सांभाळा: अंकाचं नाव, तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक असलेली वरची पट्टी कापू नका. सोलापूरच्या आवृत्तीत आलेला मजकूर पुण्याच्या आवृत्तीत नसतो, आणि पट्टी नसलेलं कात्रण तक्रार घेणारं कोणी हातात घेत नाही. जमलं तर पूर्ण पानच घडी करून जोडा.