थंडीत छोट्या बोटीतून बास पकडताय? या चुका टाळा

नॉर्थ कॅरोलायनात फेब्रुवारीतला एखादा शनिवार असा उगवतो की दुपारी हवा ६५ अंश फॅरनहाइटवर जाते, केरी-मॉरिसव्हिलची निम्मी मंडळी टी-शर्टवर बाहेर पडते आणि जॉर्डन लेकच्या रॅम्पवर ट्रेलरची रांग लागते. तलावाचं पाणी मात्र त्या दिवशीही ४५ अंशांच्या आसपासच असतं. हिवाळ्यात बास पकडायला निघालेल्यांच्या बहुतेक चुका या दोन आकड्यांतल्या फरकातून निघतात. हवा बघून कपडे घातले जातात, हवा बघून जागा ठरते, हवेच्या उत्साहात लूर (म्हणजे कृत्रिम आमिष) ओढला जातो. पण मासा राहतो पाण्यात, आणि बोट कलंडली तर आपणही पाण्यातच जाणार.

चुका दोन जातीच्या आहेत. एकीत मासा हुकतो, दुसरीत माणूस. म्हणून दुसरीपासून सुरुवात करू.

लाइफ जॅकेट सीटखाली ठेवणं

बारा-चौदा फुटी जॉन बोट (सपाट तळाची छोटी बोट) किंवा कयाक कलंडायला वादळ लागत नाही. मासा लागल्यावर दोघं एकाच कडेला वाकले की काम होतं. ४५ अंशांच्या पाण्यात पडल्यावर पहिला धक्का बसतो तो श्वासाला. आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पोहता येण्या-न येण्याचा प्रश्नच उरत नाही. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले थंडीचे अभ्यासक डॉ. गॉर्डन गीसब्रेख्त यांचं १-१०-१ हे सूत्र इथं पाठ असायला हवं: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय उपयोगी पडतात अशी साधारण १० मिनिटं, आणि अंगाचं तापमान उतरून शुद्ध हरपेपर्यंत साधारण १ तास. म्हणजे गारठून मरायला वेळ लागतो, बुडायला लागत नाही. तो तासभर वापरायचा तर जॅकेट आधीपासून अंगात पाहिजे. पाण्यात पडल्यावर बधिर बोटांनी बकल लावून बघा, म्हणजे कळेल.

न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांपेक्षा लहान बोटीत जॅकेट अंगात घालणं कायद्यानं सक्तीचं आहे. पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल, १६ फुटांखालच्या बोटी आणि सगळ्या कयाक-कनू. नॉर्थ कॅरोलायनात प्रौढांवर अशी हिवाळी सक्ती नाही, आणि इथले लोक त्याचा अर्थ ‘गरज नाही’ असा काढतात. माझं मत स्पष्ट आहे: रॅम्पवर बोट पाण्यात उतरवण्याआधी जॅकेट चढवायचं आणि गाडीपाशी परतल्यावर काढायचं. ओढून फुगवायच्या पट्ट्यापेक्षा थंडीत फोमचं जॅकेट बरं. त्यात ओढायचं काहीच नसतं, शिवाय ऊब मिळते ती वेगळी.

कपड्यांत सुती नको. जीन्स आणि सुती हूडी भिजली की ऊब संपली. लोकर किंवा फ्लीस, वरून वारा अडवणारं जॅकेट. कयाकवाल्यांनी ड्रायसूटचा, म्हणजे पाणी आत न येणाऱ्या पोशाखाचा, खर्च रॉडच्या आधी करावा. हे वाक्य कुणाला आवडत नाही, तरी लिहितो. आणि ‘ऊब यावी म्हणून’ ब्रँडीचा घोट घेऊ नका. कातडीला गरम वाटतं, पण आतली उष्णता बाहेर जाते.

बोटीचा सगळा भार मागे

छोट्या बोटीत बॅटरी मागे, मोटर मागे, मोटर चालवणारा मागे आणि माशांचा कूलरही मागेच. अशा बोटीत मागून आलेली एक लाटही आत येते. बॅटरी पुढे सरकवा, केबल लांब घ्या. नांगर कधीही मागच्या बाजूला बांधू नका, पुढूनच बांधा. मागे बांधला की वारा सुटल्यावर बोट लाटांना पाठ देऊन उभी राहते, आणि पाठ हीच तिची सर्वांत बुटकी बाजू. मोटरच्या बोटीवर आत किती माणसं आणि किती वजन चालेल ते लिहिलेली पट्टी असते. हिवाळ्याचे जाड कपडे, बूट आणि दोन बॅटऱ्या त्या वजनातच धरायच्या.

जॉर्डन लेक सुमारे १४,००० एकरांचा आहे. मोकळ्या पट्ट्यात वाऱ्याला धावायला भरपूर जागा मिळते. निघताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतीला वारा पाठीशी असेल. इंजिन ३ हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठं असेल तर इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवणं १ एप्रिल २०२१ पासून केंद्रीय कायद्यानं बंधनकारक आहे. एकटे जात असाल तर मागच्या बाजूला पाय ठेवता येईल असा दोरीचा फास बांधून ठेवा. ओल्या कपड्यांनिशी नुसत्या हातांच्या जोरावर बोटीत चढता येत नाही.

आता मासा.

पहाटे पोचण्याचा हट्ट

कोकणात खाडीवर गरवायला जाणाऱ्याला भरती-ओहोटी बघायची सवय असते, आणि उन्हाळ्यात बास पकडणाऱ्याला पहाटेची. इथं भरती नाही, आणि जानेवारीत पहाटेला काही अर्थ नाही. बासचं रक्त पाण्याइतकंच थंड असतं. पाणी ५० अंशांखाली उतरलं की त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते आणि तो फार लांब पाठलाग करत नाही. उन्हानं उथळ पाणी दोन-तीन अंश जरी वर चढलं तरी तो हलतो. म्हणून अकरा ते तीन हा खरा वेळ. घरी नाश्ता करून निघा.

ऊन कुठं पडतं हेही बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळं तलावाचा उत्तर काठ जास्त तापतो आणि उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोशालाही असतो. तिथं दगड असतील तर उत्तम. जॉर्डनवर हायवे ६४ चा पूल आणि फॅरिंग्टन रोडचा पूल, दोन्हीकडे भरावाला दगड आहेत. ऊन खाल्लेले दगड आणि दोन पावलांवर खोल पाणी, हा जोड मिळाला की पुढं शोधत बसू नका.

कूलिंग टॉवर बघून फसणं

हॅरिस लेकवर अणुवीज केंद्राचा टॉवर मैलभरावरून दिसतो, वाफ निघत असते, आणि नवखा माणूस समजतो की पाणी कोमट असणार. पण तिथली उष्णता टॉवरमधून हवेत जाते, तलाव त्यानं तापत नाही. हिवाळ्यात कोमट पाणी हवं असेल तर त्याच राज्यातले बेल्यूज लेक आणि हायको लेक बघा. तिथली वीज केंद्रं तलावाचं पाणी आत घेऊन गरम करून परत सोडतात. तिथला हिवाळा वेगळा असतो, आणि या लेखातले निम्मे नियम तिथं लागू पडत नाहीत.

सगळीकडे थोडं थोडं टाकणं

उन्हाळ्यात काठाकाठानं बोट सरकवत शंभर जागी लूर टाकला की शंभरातला एखादा मासा भेटतो. थंडीत बास घोळक्यानं एका जागी बसतात: जुन्या ओढ्याचं पात्र जिथं काठाकडे वळतं ते वळण, पाण्यात शिरलेली जमिनीची दांडी, बुडालेल्या झाडांची खोल कड. अख्खा काठ रिकामा आणि मोटारगाडीएवढ्या जागेत सगळे. फिशफाइंडरवर आधी शॅड या छोट्या माशांचे ढग (म्हणजे थवे) शोधा. ढग नसेल तिथं थांबू नका, असेल तिथून हलू नका. कडाक्याची लाट येऊन गेली आणि पाणी चाळिशीच्या सुरुवातीला आलं की थ्रेडफिन शॅड मरायला लागतात. तडफडत खाली जाणारा शॅड हे बासला सर्वांत कमी कष्टाचं जेवण. अशा दिवसांत चपटा धातूचा ब्लेड लूर तळापासून फूटभर उचलून परत पडू देणं, यापलीकडे फार कला लागत नाही. मासा बहुतेक वेळा तो पडतानाच धरतो.

लूर ओढण्याची घाई

ही चूक सांगून सुटत नाही, कारण हात ऐकत नाहीत. जर्कबेटला (लांबट, माशाच्या आकाराचा लूर) दोन हिसके द्यायचे आणि थांबायचं. किती? मनात दहा अंक मोजा, पाणी ४५ च्या खाली असेल तर वीस. लोक तीनवर येतात आणि म्हणतात, आज मासा चालत नाही. थांबलेला लूर पाण्यात जागच्या जागी तरंगायला हवा, आणि इथं एक गंमत आहे. थंड पाणी जास्त घन असतं, त्यामुळं उन्हाळ्यात नीट तरंगणारा तोच जर्कबेट जानेवारीत हळूहळू वर येतो. बोटीच्या कडेला हातभर पाण्यात धरून थांबवा आणि नीट बघा. वर येत असेल तर पुढच्या गळाच्या दांड्यावर शिशाच्या बारीक तारेचे दोन वेढे द्या किंवा पोटाला शिशाची टिकली चिकटवा, परत बघा. नाक किंचित खाली आणि अंग स्थिर, असं दिसलं की झालं.

जिग (वजनदार डोक्याचा गळ) वापरत असाल तर तो तळावरून उचलायचा नाही, ओढायचा. आणि हिवाळ्यात बास लागतो तेव्हा उन्हाळ्यासारखा ठोका बसत नाही. लाइनीवर ओलं फडकं लटकल्यासारखं जड वाटतं, बस्स. लाइन पाण्यात शिरते तिथं नजर ठेवा. ती विनाकारण बाजूला सरकली किंवा जिग तळाला पोचायच्या आधीच ढिली पडली तर समजा मासा आहे. हिसका द्यायला पैसे पडत नाहीत.

छोट्या कटकटी

रॉडच्या कड्यांत बर्फ धरला तर बोटांनी ठोकू नका, कड्याच्या आतलं अस्तर निखळतं. टोक पाण्यात बुडवा, बर्फ सुटतो. निघताना कड्यांना ओठांचं बाम लावलं तर कमी धरतो. वेणीची लाइन पाणी घेऊन येते आणि गोठते, म्हणून गोठणाऱ्या दिवशी आठ पौंडी फ्लुरोकार्बन बरी. ती थंडीत कडक होऊन वेटोळी उडायला लागली तर स्पूलवर लाइन कमी भरा. रील जड फिरत असेल तर आतलं ग्रीस घट्ट झालंय, हलकं तेल घाला.

तीसेक फूट खोलीतून ओढलेला मासा पाण्यात सोडल्यावर आडवा तरंगत राहतो, कारण हवेची पिशवी फुगलेली असते. अशा खोलीत एकदोन मासे मिळाले की जागा बदला. फोटोसाठी गोठणाऱ्या वाऱ्यात मासा धरून उभे राहू नका, कल्ले आणि डोळे लगेच इजा धरतात. ओल्या हातांनी, पाण्याजवळ, चटकन.

रॅम्पवर परतताना ट्रेलरवरून गळणारं पाणी गोठून उतार काचेसारखा होतो. एक पिशवीभर वाळू गाडीत ठेवा. बोट बाहेर आल्यावर आउटबोर्ड सरळ खाली सोडून आतलं पाणी पूर्ण निथळू द्या. उचललेल्या मोटरमध्ये राहिलेलं पाणी रात्री गोठून खालचा भाग तडकवू शकतं. तळाचं बूच काढून पाणी गेलं की ते बूच गाडीच्या किल्लीला अडकवा, म्हणजे पुढच्या वेळी विसरणार नाही. आणि ट्रोलिंग मोटरची (बोट हळू सरकवणारी विजेची मोटर) बॅटरी लिथियम असेल तर गारठलेल्या गॅरेजमध्ये आल्या आल्या चार्जर लावू नका. ३२ अंशांखाली ती चार्ज करणं म्हणजे ती कायमची बिघडवणं. घरात आणा, रात्रभर राहू द्या, सकाळी लावा.