नव्या सॉल्टवॉटर टँकमध्ये मासे मरतायत आणि कारण सापडत नाही? या चुका टाळा

पाणी काचेसारखं स्वच्छ. टेस्ट किटमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. काल रात्री खाणं मागत काचेपाशी आलेला क्लाउनफिश सकाळी वाळूवर आडवा. खाऱ्या पाण्याचा टँक लावणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला अशी एखादी सकाळ येते. पुढचंही ठरलेलं असतं. घाईघाईत अर्धं पाणी बदललं जातं, दुकानातून औषधाची बाटली येते, ती टँकमध्ये रिकामी होते आणि दोन दिवसांत दुसरा मासा जातो. मग "आपल्याला मासे लाभत नाहीत" असं म्हणून विषय मिटतो.

लाभण्या-न लाभण्याचा यात काही संबंध नाही. नेहमीचं टेस्ट किट तीन-चार गोष्टी मोजतं, आणि नव्या टँकमध्ये माशांचा जीव घेणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्या यादीत नसतात. ऑक्सिजन, तांबं, कीटकनाशक, परजीवी, पिशवीतून पाण्यात येताना बसलेला धक्का, टँकमधल्या दांडग्या माशाचा त्रास, यांतलं काहीही त्या नळीत रंग बदलून दिसत नाही.

मेलेला मासा फेकून दिल्यावर विचाराला बसणं

मासे कोणत्या क्रमाने मेले, हा सगळ्यात मोठा पुरावा असतो आणि फुकट मिळतो. तो कुणी लिहून ठेवत नाही.

काही तासांत सगळे किंवा जवळपास सगळे मेले असतील, तर रोगाचा विचार मागे ठेवा. आधी ऑक्सिजन, विष आणि हीटर तपासा. त्यातही मोठे मासे आधी गेले आणि लहान तगले, तर बोट ऑक्सिजनकडे जातं. कोळंबी आणि खेकडे माशांच्या आधी उलटे पडले असतील, तर पाण्यात तांबं किंवा कीटकनाशक शिरल्याची शंका घ्या, कारण कवचवाल्या जिवांना दोन्ही फार लवकर भिनतात. याउलट कोळंबी ठणठणीत, गोगलगायी काचेवर मजेत आणि मासे मात्र एक-एक दिवसाच्या अंतराने जातायत, असं चित्र असेल तर पाण्याला दोष देणं थांबवा. माशांवर जगणारे परजीवी कोळंबीच्या वाटेला जात नाहीत. फक्त नवा आणलेला मासा दोन दिवसांत गेला आणि जुने मजेत आहेत, तर कारण बहुधा प्रवासात किंवा पाणी बदलताना घडलेल्या चुकीत असतं. पर फाटलेला, वरच्या कोपऱ्यात अंग चोरून राहणारा मासा गेला, तर खुनी टँकमध्येच फिरतोय. डॅमसेल दिसायला बोटभर असतो, पण आपली जागा राखताना दुप्पट आकाराच्या माशालाही जगू देत नाही.

मासा सापडलाच नाही तर? हर्मिट क्रॅबने खाल्ला, असा निष्कर्ष लगेच निघतो. खेकड्याने तो खाल्ला असेलही, पण बहुतेक वेळा मेल्यावर. धडधाकट मासा त्याच्या हाती लागत नाही. टँकच्या मागे जमिनीवर एकदा पाहून घ्या, उघड्या टँकमधून उडी मारून गेलेले मासे तिथे सापडतात.

मासा नुकताच गेला असेल तर कल्ल्याचं झाकण उचलून पाहा. रंग फिका आहे का, चिकट थर आहे का, अंगावर पिठासारखी भुकटी आहे का. एक फोटो काढा. फार उशीर झाला असेल तर कल्ल्यांवरून काही ठरवू नका, मेल्यावर त्यांचा रंग लवकर उतरतो.

अमोनिया दिसला म्हणजे अमोनियानेच मारलं, असं धरणं

रात्री मेलेला मासा सकाळी सापडतो, दुपारी टेस्ट होते आणि अमोनियाचा ०.५ पीपीएम (दहा लाखात अर्धा भाग) असा आकडा येतो. झालं, गुन्हेगार सापडला! पण सात-आठ तास पाण्यात कुजणारा मासा स्वतःच अमोनिया सोडतो. लहान टँकमध्ये तेवढा आकडा चढायला एक मासा पुरतो. म्हणून मासा दिसताक्षणी बाहेर काढा, पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून ठेवा आणि लगेच मोजा. दुसऱ्या दिवशीचं मोजमाप दुसऱ्या दिवसाच्या पाण्याचं असतं.

अर्थात सायकल (म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू टँकमध्ये वाढणं) पूर्ण न होता मासे टाकल्याने अमोनियानेच मेलेले मासेही कमी नाहीत, आणि खाऱ्या पाण्यात अमोनिया जास्त घातक ठरतो, हे गोड्या पाण्यातून इकडे आलेल्यांना माहीत नसतं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच रूप जास्त विषारी. पीएच एका अंकाने वाढला की हे विषारी रूप जवळपास दहापट होतं. पीएच ७ ला एकूण अमोनियाच्या अर्धा टक्का विषारी असेल, तर समुद्राच्या ८.२ ला तो सहा-सात टक्क्यांच्या आसपास जातो. गोड्या पाण्यात खपून गेलेला आकडा इथे खपत नाही.

नायट्राइटचं गणित उलटं आहे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की ते कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. त्यामुळे किटमध्ये नायट्राइट चढलेला दिसला तरी हातपाय गाळू नका. त्याचा अर्थ एवढाच की सायकल अजून चालू आहे आणि मासे आणायची वेळ झालेली नाही.

सायकलला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पूर्ण झाली की नाही, हे कॅलेंडर पाहून ठरत नाही. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर न्या आणि चोवीस तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर झाली. पूर्वी यासाठी टँकमध्ये डॅमसेल सोडत. ते जिवट असतात, त्यातून वाचतात आणि नंतर टँकचे मालक होऊन बसतात. आणखी एक: जिवाणूंची संख्या रोज मिळणाऱ्या अमोनियाइतकीच असते. दोन माशांच्या सवयीच्या टँकमध्ये एका दिवशी सहा सोडले तर सायकल झालेला टँकही गडबडतो.

पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसणं

हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की तो चुकीचा ठरू शकतो यावर विश्वास बसत नाही. मासा अर्ध्या तासाच्या अंतरावरून आला असेल तर हळूहळू पाणी मिसळणं ठीकच. पण दिवसभर बंद पिशवीत प्रवास करून आलेल्या माशाची गोष्ट वेगळी. त्या पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. आपण मात्र काळजीपोटी माशाला त्याच पाण्यात आणखी तासभर ठेवतो.

उपाय सोपा आहे, फक्त तयारी आधी हवी. मासा ज्या सॅलिनिटीच्या (खारटपणाच्या) पाण्यातून येतोय तेवढ्याच सॅलिनिटीचं पाणी क्वारंटाइन टँकमध्ये (नव्या माशाला काही दिवस वेगळं ठेवायच्या टँकमध्ये) भरून ठेवा, बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवा, पिशवी उघडा आणि मासा लगेच जाळीने आत घ्या. पिशवीतलं पाणी टाकून द्या. सॅलिनिटी पुढच्या काही दिवसांत हळूहळू वाढवा. बऱ्याच ठिकाणी मासे १.०१८ ते १.०२० च्या पाण्यात ठेवलेले असतात (हा विशिष्ट गुरुत्वाचा आकडा, जितका जास्त तितकं पाणी खारट). खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगातून पाणी सतत बाहेर ओढलं जातं आणि ते भरून काढायला तो समुद्राचं पाणी पितो. अशा माशाला एकदम १.०२६ च्या पाण्यात सोडलं तर त्याच्या शरीराला तो वेग झेपत नाही. तो लगेच मरतोच असं नाही, पण दोन-तीन दिवसांनी जाऊ शकतो. म्हणूनच तर कारण "सापडत" नाही.

सॅलिनिटीच्या काट्यावर आंधळा भरवसा

माझे पहिले दोन मासे यातच गेले. प्लास्टिकच्या डबीतला, काटा वर-खाली होणारा हायड्रोमीटर १.०२५ दाखवत होता. महिन्याभराने एकाचा रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा सांगणारं यंत्र) आणून पाहिलं, तर आकडा १.०३१. अशा हायड्रोमीटरच्या काट्यावर मिठाचा थर साचतो, काटा जड होऊन कमी दाखवतो आणि आपण शहाण्यासारखं आणखी मीठ घालतो. काट्याला बुडबुडा चिकटला तर नेमकं उलटं होतं. रिफ्रॅक्टोमीटरही शुद्ध पाण्याने शून्यावर लावून भागत नाही. ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ, म्हणजे समुद्राइतक्या) तयार द्रावणाने तो जुळवा, कारण आपल्याला अचूकता तिथे हवी असते.

आटलेलं पाणी मिठाच्या पाण्याने भरून काढणं ही याचीच जोडचूक. पाणी उडून जातं, मीठ टँकमध्येच राहतं. आटलेल्या पाण्याची भर आरओ-डीआय फिल्टरने शुद्ध केलेल्या बिनमिठाच्या पाण्यानेच घाला. नळाचं पाणी वापरलं तर क्लोरामाइन (पाणी निर्जंतुक करायला घातलेलं रसायन) आणि नळातल्या धातूंची नवी भानगड सुरू होते.

रात्रीकडे दुर्लक्ष

२५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. म्हणजे मुळातच हात तंग. रात्री टँकचे दिवे बंद झाले की शेवाळ ऑक्सिजन द्यायचं थांबतं आणि घ्यायला लागतं. वर घट्ट झाकण, पाण्याचा पृष्ठभाग शांत, त्यावर तेलकट पापुद्रा: मासे पहाटे मरतात ते असे. पॉवरहेडचं (टँकमधल्या झोताच्या पंपाचं) तोंड थोडं वर करून पृष्ठभाग सतत हलता ठेवा, स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात काढणारं यंत्र) रात्री बंद करू नका. झाकण काढून जाळी लावली तर हवाही खेळते आणि उडी मारणारेही अडतात.

एक रात्र टॉर्च घेऊन बसा. माशाचे कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते मोजा. शांत पडून असलेल्या माशाचा आकडा शंभराच्या बराच वर गेला, तर एकतर ऑक्सिजन कमी आहे किंवा कल्ल्यात काहीतरी बसलंय.

पांढरे ठिपके नाहीत म्हणजे रोग नाही

इथे सगळ्यात जास्त मासे हकनाक जातात. मरीन इक हा परजीवी सगळ्यांना माहीत असतो, कारण मीठ शिंपडल्यासारखे ठिपके डोळ्यांना दिसतात. मरीन व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी मात्र आधी कल्ल्यांत बसतो. अंगावर काही दिसण्याआधीच मासा धापा टाकतो, पंपाच्या झोतात तोंड करून उभा राहतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो आणि एक-दोन दिवसांत जातो. नशिबाने दिसलाच तर तिरप्या उजेडात सोनेरी भुकटीसारखा दिसतो. त्याची एक गाठ फुटली की तिच्यातून २५६ पर्यंत पिल्लं पोहत सुटतात. छोट्या टँकमध्ये त्यांना पुढचा मासा शोधायला कष्ट पडत नाहीत. क्लाउनफिशच्या अंगावरून शेंबडासारखा थर सुटायला लागला तर तो ब्रुकलिनेला नावाचा परजीवी, त्याचीही गती अशीच.

इकचे ठिपके तीन ते सात दिवसांत गळतात आणि मासा बरा झाला असं वाटतं. वाळूत पडलेल्या गाठी फुटून तो परत येतो, यावेळी दुपटीने. "रीफ सेफ" (प्रवाळ-कोळंबीला अपाय न करणारं) असं लिहिलेल्या औषधांची जाहिरात या मधल्या काळावरच चालते, असं माझं मत आहे.

तांब्याचं औषध व्हेल्व्हेट आणि इक दोन्हींवर चालतं, पण ते मुख्य टँकमध्ये कधीही ओतू नका. खडक आणि वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे मात्रा टिकत नाही, आणि कोळंबी-गोगलगायी मरतात. त्यासाठी वेगळा, बिनवाळूचा टँक, लपायला पाइपचे तुकडे आणि तांबं मोजायचं किट हवं. पाण्याची सॅलिनिटी १.००९ पर्यंत उतरवण्याचा उपाय इकवर चालतो, व्हेल्व्हेटला त्याने काही होत नाही. म्हणून आधी ओळख पटवा, मग बाटली उघडा.

बाकी काही

मँडरिन मासा दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक कवचवाले जीव टिपत जगतो. नव्या टँकमध्ये ते नसतात आणि तो महिनाभर सुंदर दिसत उपाशी मरतो. मासा घेण्याआधी दुकानदाराला तो खाताना दाखवायला सांगा. सायनाइड वापरून पकडलेले मासे छान खातात-पितात आणि काही आठवड्यांनी अचानक जातात, त्यावर घरी करण्यासारखं काही नाही. खोलीत डास किंवा झुरळांचा फवारा मारला असेल तर तो एअर पंपामधून थेट पाण्यात जातो, आणि त्यातली पायरेथ्रॉइड माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात. हाताला क्रीम लावून टँकमध्ये हात घालू नका.

मासा मेला, आता काय?

मासा काढा, फोटो काढा, पाण्याचा नमुना घ्या, तापमान आणि सॅलिनिटी मोजा. पृष्ठभाग जोरात हलता करा. विषाची शंका असेल तर फिल्टरमध्ये ताजा कार्बन (विष शोषणारा सक्रिय कोळसा) लावा आणि सॅलिनिटी-तापमान जुळवलेलं, आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं २० ते २५ टक्के पाणी बदला. एवढंच करा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

परजीवी ठरला, तर उरलेले सगळे मासे उपचाराच्या टँकमध्ये हलवा आणि मुख्य टँक माशांविना ठेवा. इकसाठी अनुभवी लोक ७६ दिवस मोजतात. त्या काळात टँक बंद करायचा नसतो. कोळंबी आणि गोगलगायी तिथेच राहतात, पंप चालू असतात आणि जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून दर दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाणं टाकायचं. उपचाराच्या टँकमधली जाळी, नळी आणि ओले हात मात्र मुख्य टँकमध्ये जाऊ देऊ नका. तेवढ्या थेंबभर पाण्यातून परजीवी आत आला, तर ७६ दिवस पुन्हा एकपासून मोजावे लागतात.