टर्की कॅम्पचं बोलावणं आलं तर

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात राहायला आलात की आज ना उद्या कुणीतरी विचारणारच, "एप्रिलमध्ये आमच्या टर्की कॅम्पला येतोस का?" टीममधला एखादा, शेजारचे आजोबा, नाहीतर मुलीच्या मैत्रिणीचे वडील. टर्की कॅम्प म्हणजे टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी मित्रमंडळींनी एकत्र मुक्कामाला जाणं. इथली माणसं बार्बेक्यूला कुणालाही बोलावतात, कॅम्पला तसं बोलावत नाहीत. तिथं त्यांचे शाळेपासूनचे मित्र असतात, भाऊ असतात, सासरे असतात. त्यामुळे माझं मत विचाराल तर जा. मांस खात नसाल, बंदूक हातात घ्यायची नसेल, तरी जा. स्वयंपाकाला हात लावणारा माणूस कॅम्पवर कुणालाही नकोसा होत नाही. शिकार मनाला पटतच नसेल तर तसं सरळ सांगा, कुणी रागावत नाही. पण आठवडाभर "बघतो, कळवतो" करत लोंबकळत ठेवू नका. त्यांनी खाटा आणि किराणा माणसं मोजून ठरवलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुमच्या अमेरिकन मित्राला बहुतेक माहीत नसतं. तुम्ही एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्यानं तुम्हाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एक: मुदतीत असलेलं, अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेलं शिकारीचं परमिट. म्हणजे परमिट आधी, बंदूक नंतर. मित्र म्हणेल, "अरे, शनिवारी रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) ये, माझी शॉटगन चालवून बघ." परमिट निघालेलं नसेल तर जायचं नाही. बंदूक त्याची आहे, पाच मिनिटंच धरली होती, याला काही अर्थ नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंतची आहे, आणि व्हिसावरच्या माणसाला त्याआधीच देश सोडायची वेळ येऊ शकते. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची बंदी लागू नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको.

याच्याच जोडीला गांजा. २०२२ च्या मतदानानंतर मिझुरीत तो दुकानात मिळतो, रात्री शेकोटीपाशी गांजा घातलेल्या गोळ्यांचा, गमीचा, एखादा डबाही फिरतो. केंद्राच्या कायद्यात तो अजून बेकायदाच आहे. ग्रीन कार्ड असो की व्हिसा, डबा पुढं सरकवा. बंदूक जवळ असताना तर नक्कीच.

परमिटचं काम अवघड नाही. १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. १६ वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. एवढ्यात कोर्स जमत नसेल तर अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ शिकारी, म्हणून परमिट काढायची सोय आहे, मात्र मग कोर्स केलेला, परमिट असलेला प्रौढ माणूस सतत बरोबर हवा. मी तर म्हणेन, कोर्स करून टाका. मुलं मोठी झाली की तीही मागे लागतातच. बंदूक विकत घेऊ नका, पहिल्या वर्षी उसनी बास. आणि परमिट काढलं तरी पहिल्या दिवशी बंदुकीशिवाय नुसतं शेजारी बसून बघा. त्यातून जे कळतं ते एकाही व्हिडिओतून कळत नाही.

वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होतो आणि तीन आठवडे चालतो. हंगामात माणशी दोन पक्षी, त्यातला पहिल्या आठवड्यात एकच. नर, किंवा छातीवर दाढी, म्हणजे केसांसारखा लोंबता झुपका, दिसणारा पक्षी. दाणे टाकून पक्षी बोलवायचे नाहीत, मोबाइलवर टर्कीचा आवाज वाजवायचा नाही, दोन्ही बेकायदा. झाडांवर, कुंपणाच्या खांबांवर जांभळा रंग मारलेला दिसला की ती जमीन खासगी आणि आत जायला मनाई, पाटी असो नसो.

कॅम्प म्हणजे बहुधा कुणाच्या तरी शेतावरचं जुनं घर किंवा ट्रेलर. वर्गणी काढतात, किती ते आधी विचारा आणि रोख न्या. खाण्याचं मात्र पहिल्याच फोनवर सांगून टाका. सकाळच्या बिस्किटांवरच्या (इथली बिस्किटं म्हणजे मऊ, पावासारखी) ग्रेव्हीत डुकराचं सॉसेज असतं, रात्रीच्या चिली नावाच्या घट्ट, तिखट रश्श्यात बीफ. आयत्या वेळी ताट बाजूला सारण्यापेक्षा आधी सांगितलेलं त्यांनाही बरं वाटतं. एका जेवणाची जबाबदारी तुम्ही घ्या. दुपारी जंगलातून परतलेल्या, पहाटे साडेतीनला उठलेल्या माणसांना कांदेपोहे काय लागतात ते बघाच. लसणीची चटणी जरा जास्त न्या, मागून घेतात. बंदुका रिकाम्या करून पेटीत गेल्यावरच बिअर, हा नियम चांगल्या कॅम्पवर कुणाला सांगावा लागत नाही. जिथं पाळत नसतील तिथून सरळ घरी या.

अंधारातच जोड्या पडतात. कोण कुठल्या टेकडीवर, ते नकाशावर ठरतं आणि ते कुणी मोडत नाही. तुम्ही रुंद बुंध्याच्या झाडाला पाठ टेकून बसायचं. खोड खांद्यांहून रुंद हवं, म्हणजे मागच्या बाजूनं संरक्षण राहतं. टर्कीला वास फारसा येत नाही, पण नजर भयंकर. चेहऱ्यावर जाळी, हातात मोजे, आणि हलायचं नाही. मांडी घालून बसू नका, पाय आखडतात. गुडघे उभे ठेवा. चिवड्याची पिशवी खिशात नको, तिचा चुरचुर आवाज ओकच्या त्या जंगलात लांबवर जातो.

मग उजाडायच्या जरा आधी मित्र तोंडानं घुबडाचा आवाज काढतो. आठ सुरांचा, शेवटचा सूर खाली ओढलेला. क्षणभर काही नाही, आणि एकदम समोरच्या झाडावरून गळा फाडून उत्तर येतं. रात्रभर फांदीवर बसलेल्या नराला न राहवून ओरडावंच लागतं. तो खाली उतरला की मित्र लाकडी डबीवर झाकण घासून मादीचा आवाज काढतो, आणि तो पिसारा फुलवून, पंखांची टोकं पाचोळ्यावर ओढत येतो. जवळ आला की छातीतून घुमणारा एक आवाज येतो, कानापेक्षा बरगड्यांना जास्त जाणवणारा. त्याचं डोकं तेव्हा लाल, पांढरं, निळं झालेलं असतं. म्हणूनच हे तीन रंग अंगावर कुठंही नकोत. रुमाल, टोपी, मोजे, बनियनची कडसुद्धा. झाडीत तेवढाच ठिपका दिसला तर दुसरा शिकारी काय समजेल, सांगता येत नाही. याच कारणानं ओरडणाऱ्या पक्ष्याच्या दिशेनं दबकत जायचं नाही. तो आवाज माणूसही काढत असू शकतो. आणि समोरून दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका. मोठ्यानं "हॅलो" म्हणा.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार म्हणजे गुन्हा हेच डोक्यात बसलंय, त्यामुळे इथलं बघून गोंधळायला होतं. कॅम्पवरचे म्हातारे याची दुसरी बाजू सांगतात. एकेकाळी मिझुरीत टर्की जवळपास संपली होती. उरलेली पकडून जिल्ह्याजिल्ह्यात नेऊन सोडली, आणि १९६० साली फक्त तीन दिवसांचा हंगाम उघडला तेव्हा ९४ नर मिळाले. बंदुका आणि काडतुसांवर १९३७ पासून केंद्राचा जो कर वन्यजीवांसाठी जातो, त्यातला वाटा याच लोकांच्या खिशातून आलाय. पटो न पटो, ऐकून घ्या.

गोचिडींची चेष्टा नको. इथल्या लोन स्टार गोचिडीच्या चाव्यानं अल्फा-गॅल नावाची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि मग मटण बंद, काहींना दूधही चालत नाही. चिकन, टर्की मात्र चालते. कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, पँट मोज्यात खोचा, परतल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागं नीट तपासा.

पक्षी मिळाला की परमिटवर लगेच खूण, त्याच दिवशी टेलिचेकवर, म्हणजे शिकार कळवायच्या राज्याच्या यंत्रणेवर, नोंद. दुसऱ्यानं मारलेल्याची नोंद "तुझ्या परमिटवर करूया का" असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. तुमच्या वाट्याला मांस आलं तर पिशवीवर मारणाऱ्याचं नाव, पत्ता, परमिट नंबर आणि तारीख लिहून घ्या. विकायचं नाही, वाटायला हरकत नाही. छातीचं मांस कोरडं पडतं, त्याचं सुकं पटकन उरका. तंगड्यांत काड्यांसारखे कडक स्नायुबंध असतात. काळा मसाला घालून कुकरला भरपूर शिट्ट्या द्या, मग मांस सोडवून घ्या. साफसफाई मात्र शेतावरच करून या. अपार्टमेंटच्या बाल्कनीत पिसं काढायला बसलात तर लीजिंग ऑफिसचा फोन आलाच म्हणून समजा.