क्वेरीतील ‘अँड’-‘ऑर’: या चुका टाळा

कोड तपासायला आला की मी आधी त्यात ‘ऑर’ कुठे आहे ते पाहतो, कारण कोणतीही एरर न देता चुकीच्या नोंदी आणणाऱ्या चुका बहुतेक तिथेच सापडतात. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला क्वेरी (मागणी किंवा आदेश) देण्याच्या भाषेत, आधी ‘नॉट’, मग ‘अँड’ आणि शेवटी ‘ऑर’ लागू होण्याचा क्रम ठरलेला आहे; आपण अटी कोणत्या ओळीत लिहिल्या याने तो बदलत नाही.

लारावेल या पीएचपी भाषेतील फ्रेमवर्कमध्ये ‘व्हेअर’ला (अट) ‘ऑरव्हेअर’ (‘किंवा’ने जोडलेली अट) जोडत जाण्याची सोय असल्याने हा क्रम सहज विसरला जातो. अनेक दुकानांच्या ऑर्डर एकाच टेबलात ठेवणाऱ्या एका प्रणालीत ग्राहकाचे नाव किंवा मोबाइल क्रमांक शोधण्याची सोय करायची होती. दुकानाची अट, मग नावाची अट आणि शेवटी ‘ऑरव्हेअर’ने मोबाइलची अट, असा कोड लिहिला गेला. तयार झालेल्या क्वेरीचा अर्थ ‘(दुकान आणि नाव) किंवा मोबाइल’ असा होता. चाचणीच्या डेटात एकच दुकान असल्याने सर्व ठीक वाटले. प्रत्यक्षात एका दुकानदाराने क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकताच त्याला दुसऱ्या दुकानांचे ग्राहक पत्त्यांसह दिसले. घाईने साखळीच्या शेवटी दुकानाची अट पुन्हा लिहिण्यात आली. ती मोबाइलच्या अटीशी जोडली गेल्याने उत्तर बरोबर येऊ लागले आणि कारण न शोधताच विषय मिटला. पुढे कोणीतरी ईमेलसाठी आणखी एक ‘ऑरव्हेअर’ त्याच्याही पुढे जोडले आणि गळती पुन्हा सुरू झाली.

यावर उपाय एकच आहे. पर्यायी अटी ‘व्हेअर’ला दिलेल्या फंक्शनच्या आत लिहाव्यात, म्हणजे लारावेल त्यांच्याभोवती कंस घालते. मी तर ‘ऑरव्हेअर’ फंक्शनबाहेर दिसले की कोड परत पाठवतो, मग त्या दिवशीचे उत्तर बरोबर का येईना. ‘टूएसक्यूएल’ने क्वेरी छापून कंस डोळ्यांनी पाहावेत आणि चाचणीत किमान दोन दुकाने ठेवावीत. एवढ्यालाही वेळ नाही म्हणणाऱ्याने ग्राहकांच्या माहितीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जँगो या पायथन भाषेतील फ्रेमवर्कमध्ये अट मांडणाऱ्या दोन ‘क्यू’ ऑब्जेक्टमध्ये पायथनचा ‘ऑर’ हा शब्द लिहिला, तर फक्त पहिली अट उरते आणि ‘अँड’ लिहिला, तर फक्त दुसरी. एरर येत नाही. तिथे उभी रेघ (|) आणि अँपरसँड (&) हीच चिन्हे वापरावीत. एसक्यूएलअल्केमी या पायथनच्याच डेटाबेस लायब्ररीत मात्र ही चिन्हे तुलनेच्या चिन्हांपेक्षा आधी लागू होतात, म्हणून प्रत्येक तुलना स्वतंत्र कंसात हवी.

‘रद्द किंवा परत आलेल्या ऑर्डर वगळा’ यासाठी ‘रद्द नसलेल्या किंवा परत न आलेल्या’ असे लिहिले, तर स्थिती भरलेली प्रत्येक ऑर्डर यादीत येते. नकार आत नेताना ‘ऑर’चे ‘अँड’ करावेच लागते.

‘नॉट इन’च्या (‘यादीत नसलेले’) यादीत एक जरी ‘नल’ (न भरलेले मूल्य) असला, तरी एकही नोंद मिळत नाही. ही यादी देणाऱ्या सबक्वेरीत (आतल्या क्वेरीत) ‘नल’ आधीच गाळावेत.

वापरकर्त्याने निवडलेल्या फिल्टरांवरून डिलीटची (नोंदी पुसण्याची) क्वेरी बनत असेल, तर एकही फिल्टर नसताना ती चालूच देऊ नये, कारण अटच नसलेली डिलीट क्वेरी संपूर्ण टेबल रिकामे करते.